एका एकरात पेरून पाहा!

दस्तऐवज लिहायची दरवर्षी एखादी नवी ‘भाषा’ येते. कुणी म्हणतं वर्ड सोडा, कुणी म्हणतं मार्कडाउन जुनं झालं, कुणी म्हणतं लाटेक फेका आणि टाइप्स्ट धरा. टेक्निकल रायटर व्हायचं असेल, किंवा नुसता फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचा असेल, तर तुम्ही काय करायचं?

काल रात्री क्लासच्या ग्रुपवर तुम्ही ‘*उद्या सबमिशन आहे*’ असा मेसेज टाकला असेल. वाक्याच्या आधी एक तारा, नंतर एक तारा. समोरच्याला तारे दिसले नाहीत, अक्षरं ठळक दिसली. मग कुणीतरी शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘~’ टाकून ‘उद्या’ खोडलं आणि ‘आजच’ लिहिलं. ग्रुपवर बोंबाबोंब.

अभिनंदन! तुम्ही मार्कअप लँग्वेज वापरता. नाव माहीत नव्हतं, एवढंच.

मार्कअप म्हणजे मजकुरात केलेल्या खुणा. हे काही कॉम्प्युटरने आणलेलं नाही. जुन्या छापखान्यात संपादक हस्तलिखितावर पेन्सिलीने लिहायचा: हे शीर्षक मोठ्या टायपात, हा शब्द ठळक, इथे नवा परिच्छेद. खिळे जुळारी ती खूण वाचायचा आणि तसे खिळे लावायचा. खूण छापली जायची नाही, पण खुणेशिवाय पान उभं राहायचं नाही. आता खिळे जुळाऱ्याच्या जागी सॉफ्टवेअर आलं. खुणा आहेत तशाच आहेत.

प्रश्न एवढाच, की खुणा कोणत्या वापरायच्या? आणि कुणी नव्या खुणा घेऊन आला, तर जुन्या टाकून त्याच्या मागे जायचं का?

हे आपल्याला का सांगता?

शेगाव, मलकापूर, चिखलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. ‘कोडिंग जमत नाही, मग काय?’ हा प्रश्न त्यातल्या अनेकांना पडतो. मीही त्यातलाच. आपल्याच जिल्ह्यात शिकलो, पुण्याला गेलो आणि अपघाताने टेक्निकल रायटर झालो. घरी अजून सांगता येत नाही नेमकं काय करतो ते. आई शेजारच्या काकूंना सांगते, ‘तो मशीनच्या पुस्तकांत लिहितो.’ तसं पाहिलं तर बरोबरच आहे.

स्प्रे पंपाच्या खोक्यातली घडी घातलेली पुस्तिका, ठिबकच्या कंट्रोलरचं मॅन्युअल, सोलर पंपाच्या पॅनेलवरची सूचना, ॲपमधलं ‘मदत’ नावाचं पान. हे सगळं कुणीतरी लिहितं. ते लिहिणारा म्हणजे टेक्निकल रायटर.

यात काय मोठं, असं वाटत असेल तर कीटकनाशकाचा डबा हातात घेऊन पाहा. त्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, आणि सगळ्यात कमी विषारी तो हिरवा. रंगांची ही पद्धत देशभर एकच आहे, कायद्याने ठरवलेली. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, त्यात अनेकांचे जीव गेले. त्याची कारणं पुष्कळ होती, सगळा दोष कागदावर टाकता येणार नाही. पण डब्यासोबतची माहितीपत्रिका किती बारीक अक्षरात असते आणि ती वावरात उभं राहून किती जण वाचू शकतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या पत्रिकेत ‘हे करू नका’ हे वाक्य इतर दहा वाक्यांपेक्षा वेगळं दिसलं पाहिजे. ते वेगळं आहे हे कॉम्प्युटरला सांगतात त्या खुणा. म्हणून खुणांची भाषा कुठली घ्यायची, हा फक्त कॉम्प्युटरवाल्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

पाच मिनिटं थांबा

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या फजितीची आहे. कंपनीचं नाव सांगत नाही.

आमच्या टीममध्ये सगळी मॅन्युअल एक्सएमएलवर आधारलेल्या एका जड पद्धतीत होती. तिचं नाव डिटा. आयबीएममध्ये ती तयार झाली आणि २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. डिटामध्ये प्रत्येक गोष्टीला तिचं काम सांगावं लागतं: ही पायरी, ही टीप, हा धोका. लिहायला कंटाळवाणं. एक साधी ओळ लिहायला आजूबाजूला चार खुणा.

मग एक उत्साही सहकारी आला. म्हणाला, ‘अख्खं जग मार्कडाउनवर गेलंय, आपण कशाला मागे राहायचं?’ आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सगळ्यात जोरात. एका स्क्रिप्टने दोन दिवसांत सगळी मॅन्युअल मार्कडाउनमध्ये आली. हलकी, सुटसुटीत, मोबाइलवरसुद्धा उघडणारी. आम्ही समोसे मागवले.

काही आठवड्यांनी एका सर्व्हिस टेक्निशियनचा फोन आला. मराठी मॅन्युअल माझ्याकडे होतं, म्हणून फोन माझ्याकडे. तो म्हणाला, ‘साहेब, झाकण उघडायच्या आधी मेन स्विच बंद करून पाच मिनिटं थांबा, असं तुमच्या जुन्या पुस्तकात लाल चौकटीत होतं. नव्यात काढून टाकलं का? आता थांबायची गरज नाही?’

काढलं नव्हतं. होतं तिथेच होतं. पण लाल चौकट गेली होती आणि ते वाक्य एका लांब परिच्छेदाच्या पोटात सातव्या ओळीला जाऊन बसलं होतं. स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज शिल्लक राहते, म्हणून ती पाच मिनिटं. त्या माणसाने जुनं पुस्तक पाहिलेलं होतं, म्हणून विचारलं. नव्याने कामाला लागलेल्या मुलाने काय केलं असतं?

कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण साधं होतं. मूळ मार्कडाउनमध्ये शीर्षक आहे, यादी आहे, ठळक अक्षर आहे, अवतरण आहे. ‘धोका’ नावाची खूणच नाही. जुन्या भाषेत जो फरक सांगता येत होता, तो नव्या भाषेला बोलताच येत नव्हता. स्क्रिप्टने जे बोलता येत नाही ते गाळलं, आणि कुठेही एरर आली नाही. दोष मार्कडाउनचा नव्हता. ते ज्या कामासाठी बनलं, ते काम ते उत्तम करतं. जुनी भाषा काय काय सांगत होती, याची यादी न करता ती सोडली, हा दोष आमचा.

नवी भाषा येते कशाला?

असं असेल तर जुन्यालाच चिकटून राहावं का? तसंही नाही. थोडा इतिहास पाहू. कंटाळा येणार नाही, कारण यातला जवळजवळ प्रत्येक माणूस कशावर तरी वैतागलेला होता.

१९६९ मध्ये आयबीएममधल्या गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी या तिघांनी जीएमएल तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं तेवढी लक्षात ठेवा! कल्पना मोठी होती: शब्द कसा दिसावा हे लिहू नका, तो काय आहे हे लिहा. ‘मोठ्या अक्षरात’ असं लिहायचं नाही, ‘शीर्षक’ असं लिहायचं. दिसण्याचं नंतर पाहू. यातूनच पुढे एसजीएमएल आली, १९८६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी एचटीएमएल बनवली ती याच घराण्यातली. १९९८ मध्ये आलेली एक्सएमएलही तिथलीच.

डोनाल्ड नूथ हे गणिताचे आणि कॉम्प्युटर सायन्सचे दिग्गज. आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची छपाईची पानं पाहून ते इतके नाराज झाले, की १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच टेक्स ही पद्धत लिहायला घेतली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभं केलं. तुमच्या सरांच्या रिसर्च पेपरमधली देखणी समीकरणं बहुतेक तिथूनच आलेली असतात.

२००४ मध्ये जॉन ग्रुबरने ॲरन स्वार्ट्झच्या मदतीने मार्कडाउन आणलं. वैताग हा, की एचटीएमएल लिहिताना मूळ मजकूर वाचताच येत नाही. मार्कडाउनची फाइल तशीच्या तशी वाचली तरी कळते. आज तुम्ही एआय चॅटबॉटचं उत्तर कॉपी करून कुठे चिकटवता आणि मध्येच ‘#’ आणि ‘’ दिसायला लागतात, ते मार्कडाउनच. तुमचा चोरीचा असाइनमेंट सरांना कसा कळतो, ते आता समजलं असेल.

त्याच काळात रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि ॲस्कीडॉक आल्या. या दिसायला मार्कडाउनसारख्या हलक्या, पण ‘धोका’, ‘सूचना’, ‘टीप’ अशा खुणा त्यांच्यात मुळातूनच आहेत. पायथन भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन आधी लाटेकमध्ये होतं, २००७ मध्ये ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्टवर नेलं. लिनक्स कर्नलवाल्यांनीही २०१६ पासून आपली कागदपत्रं डॉकबुक नावाच्या जुन्या एक्सएमएल पद्धतीतून तिकडेच हलवली. म्हणजे मोठमोठे प्रकल्प भाषा बदलतात. फरक इतकाच, की ते समोसे मागवायची घाई करत नाहीत.

आणि आता टाइप्स्ट. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकणारे दोन विद्यार्थी, लॉरेन्झ मेड्ये आणि मार्टिन हाउग, लाटेकला वैतागले. २०१९ मध्ये सुरुवात केली आणि २०२३ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. लाटेकमध्ये एक कंस राहिला की कुठल्यातरी भलत्याच ओळीवर न समजणारी एरर येते. टाइप्स्टमध्ये लिहिता लिहिता बाजूला पान तयार होताना दिसतं आणि चूक कुठे आहे ते बऱ्यापैकी सरळ सांगितलं जातं. तुमच्याच वयाच्या पोरांनी, कॉलेजात असताना केलेलं काम आहे. तेवढ्यासाठी तरी एकदा उघडून पाहा.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. टिकलेली प्रत्येक नवी भाषा जुनीला न जमणारं काहीतरी करायला आली. म्हणून कुणी ‘ही नवी घ्या’ म्हटलं, की पहिला प्रश्न विचारायचा: आपल्याला आज नेमकं काय सांगता येत नाहीये, जे हिच्यात सांगता येईल?

उत्तर ‘काही नाही, पण नवी आहे ना’ असं आलं, तर चहा प्यायला चला.

आपण हे आधी भोगलंय

जुन्यात अडकून राहण्याची किंमत काय असते, हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. तालुक्याच्या कुठल्याही जुन्या डीटीपी सेंटरमध्ये जा. तिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका, गावाच्या स्मरणिका, कुणाचे प्रबंध, कुणाचे कवितासंग्रह पडलेले असतात. सगळे जुन्या फाँटमध्ये. त्या फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कारण आत खरोखर तेच साठवलेलं असतं. ‘क’ साठवलेला नसतो, एखादं रोमन अक्षर साठवलेलं असतं आणि फाँट त्याला ‘क’चा मुखवटा घालतो. मुखवटा हरवला की मजकूर गेला.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, त्यात देवनागरी होती. ‘क’ला जगभर एकच क्रमांक. तरी आपल्याकडे त्यानंतर कितीतरी वर्षं जुन्याच फाँटमध्ये काम चाललं, कारण छापून तर नीट येत होतं! गुगलवर शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, हे लक्षात आलं तोवर ढीग साचला होता. इथे नवं वेळेवर न घेतल्याची किंमत आपण मोजली.

म्हणजे दोन्ही बाजूंनी खड्डा आहे. नवं घाईने घेतलं तर लाल चौकट हरवते. जुनं सोडलंच नाही तर आख्खं पुस्तक हरवतं.

बुलडाणा की बुलढाणा?

चांगली मार्कअप भाषा काय कामाची, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या नावातच आहे. कुणी बुलडाणा लिहितं, कुणी बुलढाणा. जुन्या कागदांवर एक, नव्यांवर दुसरं. समजा तुम्ही जिल्ह्यातल्या शेततळ्यांवर दोनशे पानांचा अहवाल लिहिला आणि शेवटच्या दिवशी गाइड म्हणाले, ‘सगळीकडे ढ करा.’ वर्डमध्ये तुम्ही ‘फाइंड अँड रिप्लेस’ कराल. पण त्याने जुन्या पुस्तकांची आणि संस्थांची नावंही बदलतील, जी बदलायची नव्हती.

ॲस्कीडॉकमध्ये किंवा टाइप्स्टमध्ये तुम्ही सुरुवातीला एकदाच ठरवता की जिल्ह्याचं नाव हे. पुढे प्रत्येक ठिकाणी नाव न लिहिता त्याची खूण लिहिता. बदल एका जागी केला की दोनशे पानांत होतो, आणि संस्थांची नावं जशीच्या तशी राहतात. सुरक्षेच्या सूचनेचंही तसंच. ‘पाच मिनिटं थांबा’ एका फाइलमध्ये लिहायचं, आणि पुस्तिकेत, ॲपमध्ये, पॅनेलवरच्या स्टिकरमध्ये तिथूनच घ्यायचं. उद्या पाचाची दहा मिनिटं झाली तर एकच जागा बदलायची. तीन ठिकाणी लिहिलं असतं तर एक ठिकाण हमखास राहिलं असतं. तेच ठिकाण कुणीतरी वाचलं असतं.

मूळ मार्कडाउनमध्ये ही सोय नाही. ती मिळवायला वरून आणखी साधनं जोडावी लागतात, आणि प्रत्येक साधनाचं मार्कडाउन थोडं वेगळं. हा गोंधळ कमी करायला २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाचं नेमकं नियमपुस्तक काढावं लागलं.

मराठीत चालते का, हे आधी पाहा

इंग्रजीतले लेख ही गोष्ट कधीच सांगत नाहीत. आपले विभक्ती प्रत्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीत ‘टू लोणार’, आपल्याकडे ‘लोणारला’. आता फक्त ‘लोणार’ तिरपं करायचंय, ‘ला’ साधंच ठेवायचंय. कॉमनमार्कमध्ये ‘_लोणार_ला’ लिहिलं तर काहीच तिरपं होत नाही, अंडरस्कोर तसेच दिसतात. कारण शब्दाच्या मध्ये आलेल्या अंडरस्कोरला तिथे खूण मानत नाहीत. तिथे ‘*लोणार*ला’ असा तारा वापरावा लागतो. ॲस्कीडॉकमध्ये एकच तारा ठळक करतो, पण शब्दाच्या मध्ये असेल तर दोन-दोन तारे लागतात. टाइप्स्टमध्येही ताऱ्याची खूण शब्दाच्या सीमेवरच चालते, मध्ये हवी असेल तर वेगळी आज्ञा द्यावी लागते.

आणखी गंमत: मार्कडाउनमध्ये एक तारा म्हणजे तिरपं आणि दोन तारे म्हणजे ठळक. वॉट्सॲपवर, ॲस्कीडॉकमध्ये आणि टाइप्स्टमध्ये एक तारा म्हणजे ठळक. म्हणजे बोटांना एक सवय आणि भाषेला दुसरी.

मग ‘ॲप’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी आणि अजूनही बरेच जण ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देतात. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. अर्धा अहवाल एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने लिहिला, तर शोधताना अर्धाच सापडणार.

लाटेकचंही तसंच आहे. जुन्या पीडीएफलाटेकमध्ये मराठी सरळ टाइप केली तर जोडाक्षरं उभी राहत नाहीत. झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे ‘लाटेकमध्ये मराठी येतच नाही’ असं समजून सोडून देणारी मुलं मी पाहिली आहेत.

म्हणून कुणी कुठलीही नवी भाषा सुचवली की मी आधी एक ओळ टाइप करतो: ‘ऱ्हास, वाङ्मय, कर्तृत्व, ॲप, शेगावच्या, उत्कृष्ट, क्लृप्ती.’ मग पीडीएफ काढतो. मग त्या पीडीएफमधून तीच ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवतो. दिसायला बरोबर, पण चिकटवल्यावर काला, असं झालं तर ती पद्धत माझ्या कामाची नाही. तुमचा अहवाल नुसता पाहायचा नाही, शोधायचाही आहे.

काकांचं गणित

त्या फजितीनंतर मी सुट्टीत गावी आलो होतो. मृगाचे दिवस, सगळीकडे पेरणीची लगबग. दुकानदाराने काकांना कपाशीचं नवं वाण दाखवलं होतं, आणि मी हौसेने म्हणालो, ‘घ्या ना, सगळं तेच लावा.’

काका म्हणाले, ‘बावा, सारं वावर एकदम नसते पेरत. एका एकरात पेरून पाय. बोंड कसं धरते, बोंडअळीले कसं उभं रायते, वेचायले किती माणसं लागते, ते पाय. मंग पुढच्या साली बोल.’

‘आणि नाहीच आलं तर?’

‘त एक एकर गेलं. घर त नाही गेलं ना?’

मी पुण्याला परतलो आणि हेच टीमला सांगितलं, फक्त प्रमाण मराठीत. आम्ही धोक्याच्या सूचना असलेली मॅन्युअल मागे नेली आणि एकच छोटं मॅन्युअल ॲस्कीडॉकमध्ये करून पाहिलं. तीन महिने. त्यात काय हरवतं, काय सुधारतं, नवा माणूस किती दिवसांत शिकतो, सगळं लिहून ठेवलं. मगच पुढचं ठरवलं. आज काही मॅन्युअल मार्कडाउनमध्ये आहेत, काही ॲस्कीडॉकमध्ये, आणि एक जुनं अजूनही डिटामध्येच आहे, कारण त्याला हात लावायची गरजच नाही.

मग तुम्ही काय कराल?

टेक्निकल रायटरने नवी मार्कअप भाषा घ्यावी का? माझं उत्तर: शिकावी मोकळ्या मनाने, कामात आणावी संशयाने. शिकायला दोन संध्याकाळी जातात, त्यात हरायचं काही नाही. पण टीमचं सगळं लिखाण तिच्यात टाकायच्या आधी पाच प्रश्न विचारा.

एक, जुन्या भाषेतले कोणते फरक हिच्यात सांगता येत नाहीत? धोका, सूचना, पायरी, तक्ता, तळटीप, एकेक तपासा.

दोन, हिच्यातून बाहेर पडता येतं का? फाइल साध्या मजकुराची असेल आणि पॅनडॉकसारखं साधन तिला दुसऱ्या भाषेत नेत असेल तर उत्तम. पॅनडॉक हा या खुणांच्या जगातला दुभाषा. तो लिहिला जॉन मॅकफार्लेन यांनी, जे मुळात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत! आर्ट्सवाल्यांनो, ऐकताय ना?

तीन, नियम कुठे लिहिलेले आहेत का, की एकाच सॉफ्टवेअरला वाटेल ते?

चार, मराठी चालते का? वरची ओळ टाकून पाहा.

पाच, उद्या मी नोकरी सोडली तर माझ्यामागे येणाऱ्याला हे उघडता येईल का? नवी भाषा आणणारा सहकारी आमच्याकडून सहा महिन्यांत गेला. त्याची स्क्रिप्ट मात्र आमच्याच गळ्यात राहिली.

आणि तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं? बहुतेक ठिकाणी गाइड वर्डचीच फाइल मागतात, भांडत बसू नका. वर्डच वापरा, पण हाताने अक्षरं मोठी करून शीर्षक करू नका, ‘हेडिंग’ची स्टाइल लावा. तीही खूणच आहे. तिच्यामुळे अनुक्रमणिका एका क्लिकमध्ये तयार होते. पटत नसेल तर तुमच्या डॉकेक्स फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावातलं शेवटचं टोक बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत एक्सएमएलच्या फाइली दिसतील. तुम्ही इतकी वर्षं मार्कअपच लिहीत होतात, वर्डने फक्त पडदा टाकला होता.

या सुट्टीत एक एकर

• पहिला आठवडा: मार्कडाउन. आपल्या मिनी प्रोजेक्टची माहिती एका फाइलमध्ये लिहा आणि गिटसोबत वापरायला शिका. आधीचं-नंतरचं काय बदललं, हे ओळीओळीने दिसतं.

• दुसरा आठवडा: घरातल्या एखाद्या यंत्राची मराठी पुस्तिका घ्या. पाण्याची मोटर, स्प्रे पंप, मिक्सर, काहीही. ती ॲस्कीडॉकमध्ये नव्याने लिहा. धोक्याची प्रत्येक सूचना वेगळी काढा. घरातल्या माणसाला वाचायला द्या आणि तो कुठे अडतो ते पाहा.

• तिसरा आठवडा: मराठी विकिपीडिया. २००३ पासून तो चालू आहे आणि त्याची स्वतःची मार्कअप आहे: शीर्षकाला दोन्ही बाजूंना ‘==’, ठळक अक्षराला तीन अवतरणचिन्हं. लोणार सरोवराचं, सिंदखेडराजाचं, तुमच्या तालुक्याचं पान उघडा. संदर्भ नसलेलं एक वाक्य शोधा, ग्रंथालयात जाऊन त्याचा आधार मिळवा आणि जोडा. मुलाखतीत दाखवायला खरं काम तयार.

• चौथा आठवडा: टाइप्स्ट किंवा लाटेक. आपला बायोडाटा तयार करा. पुढे एमटेक, पीएचडी करायची असेल तर लाटेक येणं उपयोगाचं, बऱ्याच जर्नल्सचे साचे त्यात असतात. नाहीतर टाइप्स्टवर हात साफ करा.

महिन्याभरात चार भाषांची चव घेऊन होईल. त्यातली कुठली टिकेल, कुठली पाच वर्षांनी कुणाला आठवणारही नाही, यावर पैज लावायची गरज नाही. मुलाखतीत ‘तुम्हाला अमुक टूल येतं का?’ असं विचारलं आणि येत नसलं, तर सरळ सांगा, ‘येत नाही, पण असलं दुसरं येतं, आणि बदलताना काय हरवतं ते मला ठाऊक आहे.’ मी समोरच्या खुर्चीत असेन तर तुम्हाला घेईन.

तो टेक्निशियन अजूनही कधीमधी फोन करतो. नव्या पुस्तिकेची पहिली प्रत मी आता त्यालाच पाठवतो. तो आधी लाल चौकटी मोजतो, मग बाकीचं वाचतो.